समोरच्याची वाक्यं

माझ्या थोरल्या जाऊबाई पहिल्यांदा पडद्यावर दिसल्या तेव्हा त्यांचे फक्त हात दिसले. ते हात कापा फणस फोडत होते, आणि हातांच्या वरचा चेहरा दुसऱ्याच एका बाईंचा होता.

झालं होतं असं. हेदवीला एका मालिकेचं चित्रीकरण चाललं होतं. जाऊबाईंचं माहेर हेदवीचं, दशभुजा गणपतीच्या देवळापासून फार लांब नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघी मुलांना घेऊन तिकडे गेलो होतो. मालिकेसाठी सामान जमवणारा एक माणूस घरोघर तांब्याचा हंडा मागत फिरत होता. जाऊबाईंच्या आईकडे हंडा होता, पण परक्या माणसाच्या हाती द्यायला आई तयार नव्हत्या. म्हणून जाऊबाई स्वतःच हंडा घेऊन निघाल्या आणि सोबत मी.

तिथे एका घरापुढच्या खळ्यात नायिकेच्या आईचं काम करणाऱ्या नटी फणसासमोर बसल्या होत्या. त्यांची नखं लांब आणि रंगवलेली होती, आणि चिकाची त्यांना इतकी धास्ती होती की कोयता फणसाला लागायच्या आधीच त्या हात मागे घेत होत्या. आम्ही पोचेपर्यंत दोन फणस वाया गेले होते. तिसरा आणला तेव्हा जाऊबाईंना राहवलं नाही. त्यांनी खोबरेल तेल मागितलं, कोपरापर्यंत चोळलं, कोयत्यालाही लावलं आणि बसल्या बसल्या फणस चिरून, पाव, म्हणजे मधला दांडा, काढून, गऱ्यांनी ताट भरून दिलं. दिग्दर्शक बघत उभा होता. तो म्हणाला, हेच हात घेऊ. मग त्या नटींसारखीच साडी नेसवून, हातात तशाच बांगड्या घालून जाऊबाईंना पुन्हा फणसासमोर बसवलं, आणि कॅमेरा मनगटांच्या वर गेला नाही.

दीड महिन्याने तो भाग लागला. रत्नागिरीच्या आमच्या घरात सगळे टीव्हीसमोर जमलो होतो. माझे थोरले दीर, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, पेपर वाचत बसले होते. त्यांना या प्रकरणात काही रस नव्हता. जाऊबाईंच्या डाव्या मनगटावर तव्याचा चटका बसल्याची जुनी खूण आहे. ती पडद्यावर दिसली तशी त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "हा हात आपल्या घरातला आहे." त्यानंतर फणस संपेपर्यंत त्यांनी पेपर उचलला नाही.

आमचं घर मारुती मंदिराजवळ, एका बोळात. खाली थोरले दीर आणि जाऊबाई, वर आम्ही. जाऊबाई तेव्हा एका पतसंस्थेत खिडकीवर बसायच्या, मी एका माध्यमिक शाळेत गणित शिकवायची. त्यांनी लग्नाआधी हौशी मंडळींच्या नाटकांतून कामं केली होती, लग्नानंतरही दोनतीन वर्षं. पुढे मुलं झाली, तालमींची वेळ आणि स्वयंपाकाची वेळ एकच यायला लागली, आणि नाटक सुटलं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. फणस फोडला तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. मी नाटकात कधी नुसती उभीसुद्धा राहिलेली नाही. माझं माहेर पोफळीचं, वडील वीजकेंद्रात होते. कॉलनीतल्या गणपतीत मुलांची नाटकं व्हायची, तिथे मी पडदा ओढायची.

हंडा मागणाऱ्या माणसाने जाऊबाईंचा नंबर ठेवला होता. पाऊस संपल्यावर त्याचा निरोप आला की दुसऱ्या एका मालिकेत नर्स हवी आहे, तीन वाक्यं आहेत, ऑडिशन फोनवर करून पाठवा. सोबत दोन पानं होती. ऑडिशन फोनवर कशी करतात ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. जाऊबाईंचा मुलगा तेव्हा पुण्याला शिकत होता, त्याने समजावून सांगितलं. मागे साधी भिंत किंवा एकरंगी चादर, उजेड समोरून, फोन आडवा, आणि फोनच्या मागे बसून समोरच्याची वाक्यं वाचायला एक माणूस.

तो माणूस शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. थोरल्या दिरांना बसवून बघितलं, तर ते जाऊबाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच आपलं वाक्य म्हणून मोकळे व्हायचे. इतक्या वर्षांची सवय. माझा नवरा वाक्यं नीट वाचायचा, पण प्रत्येक वाक्यानंतर हे असं कोण बोलतं का, म्हणून विचारायचा. शेवटी मला वर निरोप आला.

मी डॉक्टरांची वाक्यं वाचली. फळ्यावर उदाहरण सांगावं तशी वाचली. स्वल्पविराम तेवढा तोंडाने म्हणायचा राहिला. माझं मलाच ते इतकं कोरडं वाटलं की मी म्हटलं, थांबा, जरा भाव घालून वाचते. जाऊबाई म्हणाल्या, "नको गो. असंच वाच. तू अभिनय करायला लागलीस तर मी तुझ्याकडे बघत बसेन आणि माझं राहील."

तेव्हापासून तो आमचा उद्योग सुरू झाला. शाळा सुटून मी साडेपाचला घरी यायची. आमच्या वरच्या खोलीत पश्चिमेचा उजेड तासभर चांगला असतो. खिडकीसमोरच्या कपाटाला कपड्यांच्या चिमट्यांनी निळी चादर लावायची, स्टुलावर डबे रचून त्यावर फोन टेकवायचा, आणि डब्यांच्या मागे मी. मधूनच मासेवाल्याचा भोंगा वाजायचा, शेजारचा कुत्रा त्याला उत्तर द्यायचा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा सगळं छान जमत आलेलं असताना आमच्याच कुकरची शिट्टी झाली. जाऊबाई न थांबता, त्याच बाईच्या आवाजात म्हणाल्या की जरा गॅस बारीक करते हं, दोन पावलं बाहेर गेल्या, परत आल्या आणि पुढचं वाक्य घेतलं. ते तसंच पाठवलं.

नर्सचं काम मिळालं नाही. त्यानंतरची दोनही मिळाली नाहीत. एकाच आठवड्यात एकाने कळवलं की वय जास्त दिसतं आणि दुसऱ्याने कळवलं की कमी दिसतं. मला वाईट वाटायचं. जाऊबाई मात्र चादर घडी करून ठेवायच्या आणि खाली जाऊन कणीक भिजवायच्या. मी एकदा विचारलं की तुम्हाला काहीच कसं वाटत नाही. त्या म्हणाल्या की ती बाई आपण संध्याकाळभर झालो ना, मग झालं.

कुकरच्या शिट्टीचं ते काम मिळालं. लग्नघरातली शेजारीण, एक दिवसाचं काम. मग एका मालिकेत न्यायाधीश झाल्या, चार भागांत मिळून दोन वाक्यं. मग पोलीस हवालदार. मग एकीत पाटलांची आई, आणि ती बोलणार कोल्हापूरकडचं. आता आमच्या रत्नागिरीच्या बोलण्याला हेल आहे, वाक्य शेवटाला वर जातं. कोल्हापूरचं बोलणं आपलं सरळ दणकून खाली येतं. माझ्या शाळेत कोल्हापूरहून बदलून आलेल्या एक बाई होत्या. जाऊबाई पतसंस्थेतून अर्धी रजा काढून चार दिवस आमच्या मधल्या सुट्टीत डबा घेऊन यायच्या आणि त्या बाईंच्या शेजारी बसून जेवायच्या. बोलायच्या कमी, ऐकायच्या जास्त. पाचव्या दिवशी त्यांनी जिन्यातून मला "काय करालईस?" म्हणून हाक मारली, तर मला वाटलं त्या कोल्हापूरच्या बाईच घरी आल्या. मी केस सावरून खाली गेले.

एवढ्या वेगवेगळ्या बाया त्यांच्याकडून करवून घेण्यात लोकांना काय दिसत होतं, ते मला हळूहळू कळत गेलं. त्या चेहऱ्यापासून सुरुवात करायच्या नाहीत. ही बाई बाहेरून आल्यावर पिशवी कुठे ठेवते, तिथून सुरू करायच्या. हवालदारीण पिशवी दाराच्या कडीला अडकवते, न्यायाधीश बाईंची पिशवी दुसराच कुणी ठेवतो, पाटलांची आई पिशवी खाली ठेवतच नाही. पिशवीचं ठरलं की चालणं ठरायचं, चालणं ठरलं की आवाज. मग फोन सुरू करायचा.

आणि त्या जे जे झाल्या त्याच्या समोरचं मी झाले. त्यांचा नवरा तर मी इतक्यांदा झालेय की मोजदाद नाही. इन्स्पेक्टर झाले, मंत्री झाले, परदेशातून आलेली सून झाले, एकदा भूत झाले. एकदा म्हैस. म्हशीला वाक्यं नव्हती, पण जाऊबाईंना समोर बघायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी स्टुलावर मुकाट बसून राहिले. त्या माझ्याशी दहा मिनिटं इतकं मायेनं बोलल्या की उठताना मला अवघडल्यासारखं झालं.

मग ती मुख्याध्यापिका आली.

एका मालिकेत कडक मुख्याध्यापिकेचं काम होतं, चांगलं पाचसहा महिन्यांचं. ऑडिशनला मी एका पालकाची वाक्यं वाचली होती. काम मिळालं, जाऊबाई बिनपगारी रजा घेऊन मुंबईला गेल्या, आणि पहिला भाग लागला तेव्हा आम्ही सगळे नेहमीसारखे खाली जमलो. मुख्याध्यापिका वर्गात आली. तिने खडूची पेटी टेबलावर ठेवली. अंगठा आणि बोट दोनदा एकमेकांवर झटकलं. बोटांना खडू असतो म्हणून चष्मा मनगटाच्या मागच्या बाजूने वर ढकलला. एक मुलगी उभी राहून काहीतरी सांगायला लागली, तर तिच्याकडे न बघता म्हणाली, "हं, पुढे."

माझ्या नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी सवयीने "हं, पुढे" म्हटलं आणि अख्खा वर्ग हसला. पहिल्या बाकावरची मुलगी अगदी आदराने म्हणाली, "बाई, काल तुम्ही टीव्हीवर होतात." मीही हसले. शिक्षकांच्या खोलीतही हसले. घरी आले आणि खाली गेले नाही.

मला त्या लकबी आहेत हेच मला माहीत नव्हतं. शिवाय ती मुख्याध्यापिका मालिकेत कुणालाही नको असलेली बाई होती. मुलं तिला घाबरायची, शिक्षक तिच्या पाठीमागे तोंडं वाकडी करायचे. माझ्या हातांनी चष्मा वर करून ती मुलांना वर्गाबाहेर काढत होती. पुढचे तीन आठवडे मी उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत असं सांगत राहिले. उत्तरपत्रिका खरंच होत्या, पण तीन आठवड्यांच्या नव्हत्या. जाऊबाई मधे घरी येऊन गेल्या, त्यांनी दोन ऑडिशन्स थोरल्या दिरांना बसवून केल्या. दोन्हींचं उत्तर आलं नाही.

एका रविवारी दुपारी त्या वालाच्या बिरड्याची वाटी घेऊन वर आल्या. वाटी ओट्यावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"मला विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "नाही विचारलं. चुकलं माझं."

मी म्हटलं, "ताई, ती बाई वाईट आहे. मी तशी आहे का?"

त्या म्हणाल्या, "कागदावर ती नुसतीच ओरडत होती गो. तशी बाई मला करता येईना. तिला त्या मुलांचं काहीतरी वाटत असणार, असं माझं मला पटायला हवं होतं. मग मला तू फळ्याकडून वळतेस ते आठवलं. तुझे हात घेतले तशी ती मला माणूस वाटायला लागली."

एवढ्यावर मी विरघळले असं नाही. मी म्हटलं की बघते. पण पुढचे भाग लक्ष देऊन बघायला लागले. एका भागात एक मुलगी रडत रडत गणित घेऊन येते. मुख्याध्यापिका तिला काही समजावत नाही, डोक्यावरून हात फिरवत नाही. नुसती तिची वही स्वतःकडे वळवते, चुकलेल्या पायरीखाली बारीक टिंब देते आणि वही परत तिच्याकडे वळवते. मीही चुकलेल्या पायरीखाली टिंब देते, फुली मारत नाही. फुली बघून मूल पुढचं वाचत नाही. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. जाऊबाईंनी ते कधी पाहिलं कुणास ठाऊक. बहुतेक त्यांच्या मुलाची वही मी तपासायची तेव्हा.

त्यानंतरच्या एका सोमवारी जाऊबाई घरी होत्या, तेव्हा मी साडेपाचला चादरीचे चिमटे घेऊन खाली गेले. एक अट घातली, की इथून पुढे कुणाचंही काही घ्यायचं तर आधी विचारायचं. जाऊबाईंनी ती अट इतकी मनावर घेतली की पुढे बोळात तो एक विषयच झाला. दूधवाल्याला विचारून त्याची मान हलवण्याची पद्धत घेतली. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून त्यांचं खोकणं घेतलं. मासळीवाली तर आपणहून म्हणाली की माझं बसणं कधी घेणार. आज त्यांची एखादी नवी मालिका लागली की आमच्या बोळात लोक आपलं काही आलंय का ते बघत बसतात, आणि आलं नसलं की दुसऱ्या दिवशी जरा घुश्शात असतात.

चित्रपट आला तो यानंतर दोन वर्षांनी. एका तिशीच्या मुलीने लिहिलेला आणि तिनेच दिग्दर्शित केलेला. अंजनवेलला एक बाई एकटी राहते, तिचा मुलगा मालवाहू जहाजावर आहे, आणि सगळा चित्रपट म्हणजे त्या दोघांचे फोन. मुलगा पडद्यावर दिसतच नाही. आमच्याकडे खलाशी घरोघर आहेत, त्यामुळे असे फोन आम्ही शेजारच्या घरांतून ऐकत आलोय. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नसतं. जेवण काय होतं, ऊन किती आहे, तिकडे आता किती वाजले.

ऑडिशनच्या पानांत मुलगा फोनवर सांगतो की गणपतीला येता येणार नाही. जाऊबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या. मी डब्यांच्या मागून वाचलं, "आई, यंदा गणपतीला जमत नाही. कॉन्ट्रॅक्ट चार महिन्यांनी वाढलंय." तांदळातला त्यांचा हात थांबला. पुष्कळ वेळ थांबला. कागदावर त्यांना तीनचार वाक्यं होती, त्या सगळ्यांच्या आधी त्यांनी कागदावर नसलेलं एक विचारलं, "जेवलास?" माझं पुढचं वाक्य क्षणभर उशिरा निघालं. ते तसंच गेलं, कारण उजेड संपत आला होता.

काम मिळालं. चित्रीकरण सुरू होऊन आठवडा झाला असेल, तर त्या दिग्दर्शक मुलीचा फोन चक्क मला. ती फार अजिजीने बोलत होती. मुलाचा आवाज एक नट नंतर देणार होता, पण तिथे सेटवर समोरची वाक्यं तिचा मदतनीस वाचत होता आणि तो फार मन लावून, गळा भरून वाचत होता. ऑडिशनमध्ये होतं ते इथे येत नव्हतं. जाऊबाईंना विचारलं तर त्यांनी सांगितलं की तो आवाज माझ्या धाकट्या जावेचा, ती गणिताची बाई आहे. दोन दिवस येता का, असं ती विचारत होती.

मी दोन दिवसांची किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात कौटुंबिक काम असं लिहिलं, आणि ते खरंच होतं. सकाळच्या गाडीने जयगड, तिथून फेरीबोटीने तवसाळ, पुढे न्यायला चित्रपटवाल्यांची गाडी आली होती. फेरीबोटीत मी पानं काढून वाचत बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं की परीक्षा आहे का. मी हो म्हटलं.

अंजनवेलचं ते चिऱ्याचं घर चढावर होतं. एकीकडे खाडीचं तोंड, दुसरीकडे लांबवर वीजप्रकल्पाच्या चिमण्या. घरात माणसंच माणसं, वायरीच वायरी. जाऊबाई पडवीत बसल्या होत्या, फिकट नऊवारीत, केस पांढरे केलेले. मी त्यांना नमस्कार करायच्या बेतात होते, इतक्या त्या वेगळ्या दिसत होत्या. मला स्वयंपाकघरात दाराआड प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. दार अर्धं उघडं. मला जाऊबाई दिसत नव्हत्या, ऐकू मात्र येत होत्या.

सगळीकडे शांतता झाली. इतकी माणसं श्वास रोखून माझं वाक्य ऐकणार, या कल्पनेनेच मी घाबरले, आणि घाबरून अभिनय केला. "आई" हा शब्द मी असा काही काढला की तो मदतनीसही मागे पडावा. दिग्दर्शक मुलगी आत आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली की बाई, वर्गात गणित सांगता तसं सांगा ना. मी म्हटलं, सांगते. दुसऱ्यांदा पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा तर आवाजच चिरकला.

तेवढ्यात पडवीतून जाऊबाईंचा आवाज आला, त्यांचा स्वतःचा, घरातला. "पाढे म्हण गो वाईच."

मी डोळे मिटले आणि एकोणतीसचा पाढा सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. कुणी हसलं नाही. एकोणतीस दाहे दोनशे नव्वदला पोचले तोवर आवाज जागेवर आला होता, आणि न थांबता, त्याच सुरात मी पुढे म्हटलं की आई, यंदा गणपतीला जमत नाही, कॉन्ट्रॅक्ट चार महिन्यांनी वाढलंय. पडवीत तांदळाचा आवाज येत होता तो बंद झाला. मी थांबले. दाराच्या फटीतून खाडीवरचा वारा येत होता. मग, "जेवलास?"

पुढची वाक्यं झाली. दिग्दर्शक मुलीने कट म्हटलं. मी दारातून डोकावले. जाऊबाईंनी माझ्याकडे बघून नेहमीसारखं विचारलं की जमलं ना. आणि मी, तिथे एवढी शिकलेली माणसं उभी आहेत हे विसरून, नेहमीसारखं सांगितलं की तुमचं शेवटचं 'बरं' जरा लांबलं. दिग्दर्शक मुलगी हसत सुटली. म्हणाली की मला तेच म्हणायचं होतं, पण धीर होत नव्हता. पुन्हा एकदा घेतलं, आणि चित्रपटात आहे ते हे दुसरं.

दोन दिवस मी त्या खुर्चीवर बसून जहाजावरून बोलले. सिंगापूरहून बोलले, ब्राझीलहून बोलले. प्रत्येक वेळी आधी पाढा. तिसऱ्या दिवशी शाळेत गेले तर मुलं म्हणाली, बाई, तुमचा आवाज बसलाय.

चित्रपट रत्नागिरीत लागला तेव्हा आम्ही दोन रांगा भरून गेलो. जाऊबाईंच्या आईंना हेदवीहून आणलं होतं. मुलाचा आवाज आता त्या नटाचा होता आणि त्याने फार छान दिला होता, कोरडाच. जाऊबाईंना पडद्यावर एवढं मोठं बघायची आम्हाला सवय नव्हती. थोरले दीर पूर्ण वेळ ताठ बसले होते, त्यांनी एकदाही मागे टेकलं नाही. मध्यंतरात त्यांच्या ओळखीचे कुणी भेटले, त्यांना ते सांगत होते की ही इथे आहे ती, पण घरी अशी नाही, घरी बोलते.

चित्रपट संपला, दिवे लागले, लोक उठायला लागले आणि पडद्यावर नावं भरभर वर जायला लागली. आभारांच्या यादीत माझं नाव आहे असं जाऊबाईंनी सांगितलं होतं. माझा नवरा दोन्ही हात पसरून रांगेत उभा राहिला आणि समोरून जाणाऱ्यांना जरा बसता का म्हणून विनवायला लागला. एक जोडपं खरंच बसलं. नाव आलं आणि गेलं. मला ते दिसलं, नवऱ्याला दिसलं नाही, कारण तो लोकांकडे तोंड करून उभा होता. म्हणून तो दुसऱ्या दिवशी एकटा पुन्हा जाऊन बघून आला. जाऊबाईंच्या आईंना चित्रपट आवडला का विचारलं तर त्या म्हणाल्या की चांगला आहे, पण एवढे तांदूळ निवडले आणि त्यातून खडा एकही निघालेला दिसला नाही.

त्यानंतर जाऊबाईंनी पतसंस्था सोडली. आता महिन्यातले पंधरावीस दिवस त्या मुंबईत असतात, हिंदीतही कामं करतात. अलीकडेच गुजराती शेठाणी झाल्या होत्या, तिचं चालणं आमच्या बोळातल्या कापडवाल्यांच्या बायकोला विचारून घेतलेलं आहे. थोरले दीर भात लावायला आणि बांगडे तळायला शिकले आहेत, आणि बांगडे खरोखर बरे तळतात. ऑडिशनची पानं आली की जाऊबाई व्हिडिओ कॉल लावतात आणि मी रत्नागिरीहून समोरचं वाचते. मी यंदा निवृत्त झाले, त्यामुळे आता साडेपाचची वाट बघावी लागत नाही.

गेल्या महिन्यात त्या घरी असतानाच एका विनोदी चित्रपटाची पानं आली. दोन विहिणींचं लग्नाच्या पंगतीत भांडण. मी मुलाकडची विहीण. माझं वाक्य होतं, "विहीणबाई, तुमच्या लोणच्यात आंबा कुठे आहे?" मी ते वाचलं. आयुष्यभर मुलांना क्ष ची किंमत विचारली तसं विचारलं. जाऊबाई तोंड दाबून हसायला लागल्या, मग त्यांना बघून मी, मग काय झालं म्हणून वर आलेले थोरले दीर. आम्ही तीन दिवस प्रयत्न केला. दर वेळी आंब्यापर्यंत पोचायचो आणि संपायचं. जाऊबाईंसारख्या बाईचं असं कधी झालेलं नव्हतं. शेवटच्या दिवशी ऑडिशन पाठवायची मुदत संपत आली, तेव्हा त्यांनी हसताहसताच पुढची वाक्यं म्हटली, पदराने डोळे पुसत त्या विहिणीला चार शब्द सुनावले, आणि आम्ही ते तसंच पाठवून दिलं.

चार दिवसांनी उत्तर आलं की काम तुमचं, आणि विहीण भांडताना हसते तेही ठेवायचं आहे. चित्रीकरण पुढच्या महिन्यात नाशिकला आहे. जाऊबाई म्हणतात, चल सोबत, समोरची विहीण कोण आहे कुणास ठाऊक. मी नाशिक कधी पाहिलेलं नाही. तेव्हा जाणार आहे.